तळलेला कसावा : त्याचें पोषणमूल्य आणि त्याची कृति

एकादशीच्या दिवशीं महाराष्ट्रांतील घराघरांत साबुदाण्याची खिचडी शिजते. ती वाढणाऱ्या आणि खाणाऱ्या मंडळींपैकीं पुष्कळांना साबुदाणा हें एखाद्या झाडाचें बीं असावें असें वाटतें. वास्तविक तें बीं नव्हे, आणि धान्य तर नव्हेच. आपल्या देशांत विकला जाणारा साबुदाणा म्हणजे एका कंदाच्या सत्त्वाच्या बारीक गोळ्या करून, त्या शेकून व वाळवून तयार केलेला पदार्थ होय. आणि तो कंद म्हणजे कसावा. केरळांत त्याला कप्प किंवा मरच्चीनि म्हणतात, तमिळनाडूंत मरवळ्ळि म्हणतात; टॅपिओका हें नांवहि त्यास सर्वत्र चिकटलेलें आहे. उपवासाच्या ताटांत मानाचें स्थान मिळविणाऱ्या या कंदाच्या अंगीं मूळचें विष असतें, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते.

ज्या भूमीवर हा कंद प्रथम माणसाळला, त्या दक्षिण अमेरिकेंत तो उकडून, भाजून, किसून, आंबवून अशा नाना तऱ्हांनीं खाल्ला जातो. परंतु पाहुण्यांपुढें ठेवण्याचा, मित्रमंडळींत गप्पा मारतां मारतां खाण्याचा खास पदार्थ म्हणजे तळलेला कसावा. बोटाएवढ्या जाड फोडी. बाहेरून सोनेरी व कुरकुरीत, आंत पांढऱ्याशुभ्र व भुसभुशीत. ब्राझिलपासून क्यूबापर्यंत आणि तिकडे इंडोनेशियापर्यंत या फोडींचे चाहते आहेत. पदार्थ साधा आहे. पण तो करण्याची जी परंपरागत रीत आहे, तिच्या प्रत्येक पायरीमागें कांहीं कारण आहे. तें कारण न समजतां एखादी पायरी गाळली, तर चवच बिघडते असें नाहीं. प्रसंगीं जिवावरहि बेततें.

वनस्पतिशास्त्रांत या झुडपाचें नांव मॅनिहॉट एस्क्युलेंटा असें आहे. तें एरंडाच्या कुळांतील असून पुरुषभर किंवा त्याहूनहि उंच वाढतें. पानें हाताच्या पसरलेल्या पंजासारखीं चिरलेलीं असतात. लागवड बियांनीं न करितां खोडाचे वीतभर तुकडे जमिनींत रोवून करितात. आठ-दहा महिन्यांनीं बुंध्याभोंवतीं जाड, लांबट मुळांचा घोस तयार होतो. ही मुळें लगेच खणून काढलींच पाहिजेत असें नाहीं. तीं जमिनींतच वर्षभर जास्त राहिलीं तरी चालतात. निकस जमीन आणि ओढ घेणारा पाऊस हीं दोन्ही या पिकाला सोसतात. त्यामुळें गरीब शेतकऱ्याला कसावा म्हणजे शेतांत पुरून ठेवलेली धान्याची कोठीच वाटते. जगांत आज दरसाल ३० कोटि टनांहून अधिक कसावा पिकतो, आणि सर्वांत जास्त पीक नायजेरियांत निघतें.

या पिकाचें मूळ घर अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्याच्या दक्षिणेकडील सीमाप्रदेशांत होतें, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. तेथील लोकांनीं हजारों वर्षांपूर्वीं तें लागवडीखालीं आणलें. सोळाव्या शतकांत हान्स स्टाडन नांवाचा एक जर्मन प्रवासी ब्राझिलच्या किनाऱ्यावरील तुपिनांबा लोकांच्या कैदेंत सांपडला होता. सुटून परत गेल्यावर त्यानें १५५७ सालीं आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांत या लोकांच्या कसावा लावण्याच्या व त्याचें पीठ करण्याच्या रीति वर्णिल्या आहेत. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनीं त्याच शतकांत हें पीक आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेलें, आणि पुढें त्यांच्याच हातून तें मलबारांत उतरलें.

ब्राझिलमध्यें एकाच कंदाला प्रांतपरत्वें निरनिराळीं नांवें आहेत. साओ पाउलोकडे मान्दिओका, रिओ द जानेरोंत आइपिं, ईशान्येकडील प्रांतांत मकाशेरा. परंतु नांवांच्या या भेदापेक्षां महत्त्वाचा असा दुसरा एक भेद तेथील स्वयंपाकघरांत पाळला जातो. तो म्हणजे गोड कसावा आणि कडू कसावा यांचा. गोडाला तेथें 'माणसाळलेला' आणि कडूला 'रानटी' अशा अर्थाचीं विशेषणें लावितात. उकडण्यातळण्यास घ्यावयाचा तो केवळ गोड. कडू कसावा किसून, वेताच्या विणलेल्या लांब नळीसारख्या पिशवींत भरून पिळतात; चोथा मोठ्या तव्यावर परतून त्याचें पीठ करितात; आणि पिळून निघालेला पिवळा रस बराच वेळ उकळल्यावांचून कोणी तोंडाला लावीत नाहीं. त्या रसाच्या तळाशीं जो पांढरा सांका बसतो, त्याच्या तुपी भाषेंतील नांवावरूनच टॅपिओका हा शब्द जगभर पसरला.

रसायनशास्त्राचा गंधहि नसलेल्या या लोकांनीं हा खटाटोप कां केला असावा, याचें उत्तर कसाव्याच्या पेशींत आहे. या पेशींत लिनॅमरिन नांवाचें एक द्रव्य असतें. साखरेच्या एका रेणूशीं सायनाइडचा अंश जखडलेला असावा, अशी त्याची रचना असते. त्याच कंदांत लिनॅमरेज नांवाचें एक एन्झाइमहि असतें. परंतु दोघांचे कप्पे वेगळे असतात. कंद अखंड आहे तोंवर त्यांची भेट होत नाहीं. उंदरानें दांत लावला, किसणीवर किस पडला किंवा मुसळाचा घाव बसला, कीं पेशींच्या भिंती फुटतात, दोन द्रव्यें एकत्र येतात, आणि कांहीं वेळानें हायड्रोसायनिक आम्ल मोकळें होतें. हें अत्यंत जहरी आहे. झाडाच्या दृष्टीनें पाहिलें तर ती त्याची संरक्षणाची तरवार आहे. खाणाराच्या दृष्टीनें तो प्राणसंकटाचा विषय आहे.

या विषाचें प्रमाण जातीजातींत फार निराळें असतें. गोड जातींच्या एक किलो ताज्या कंदांतून साधारणतः ५० मिलिग्रॅमपेक्षां कमी हायड्रोसायनिक आम्ल निघतें. कडू जातींत हाच आंकडा ४०० किंवा त्याहूनहि वर जातो. माणसाच्या शरीराच्या दर किलो वजनामागें अर्धा ते साडेतीन मिलिग्रॅम हें विष प्राणघातक ठरूं शकतें. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या माणसाला २५ ते १७५ मिलिग्रॅम. कडू जातीच्या अर्ध्या किलो कंदांत २०० मिलिग्रॅमपर्यंत विष असूं शकेल, हा हिशेब मनाशीं केला म्हणजे भेद पाळण्याचें महत्त्व कळून येतें. आणि लहान मुलाचें वजन पंधरा किलोच असेल, तर त्याला सात-आठ मिलिग्रॅमहि धोक्याचे. म्हणून गोड म्हटलेला कंदहि कच्चा कधींच खाऊं नये. शिवाय एकाच जातीचा कंद पाण्याचा ताण पडलेल्या वर्षीं अधिक कडू होतो. अवर्षणाच्या सालीं जास्तच सावध राहावें लागतें.

आतां तळणाकडे वळावयाचें. स्वाभाविकच असें वाटतें कीं, कढईंतील तेल उकळत्या पाण्यापेक्षां कितीतरी जास्त तापलेलें असतें. तेव्हां त्यांत कोणतेंहि विष जळून जात असेल. हा समज साफ चुकीचा आहे, आणि तोच सर्वांत घातक आहे. मोकळें झालेलें हायड्रोसायनिक आम्ल थोड्याशा उष्णतेनेंहि उडून जातें, हें खरें. परंतु जखडलेल्या स्थितींतील लिनॅमरिन उष्णतेला सहजासहजीं दाद देत नाहीं. त्याचें बंधन तोडणारें एन्झाइम मात्र कडक तापांत लवकर निकामी होतें. म्हणजे कच्ची फोड थेट तेलांत सोडली, तर कुलूप तसेंच राहतें आणि किल्ली वितळून जाते. लिनॅमरिन पाण्यांत विरघळतें. पण तेलाच्या कढईंत त्याला बाहेर वाहून नेणारें पाणी नसतें. तिरुवनंतपुरम येथील केंद्रीय कंदपिकें संशोधन संस्थेंतील प्रयोगांत असें दिसून आलें आहे कीं, तळणें, भाजणें किंवा नुसत्या वाफेवर शिजविणें यांमुळें या विषाचा एक-पंचमांश भागहि कमी होत नाहीं. उलट, लहान तुकडे करून पुष्कळ पाण्यांत उकळले व तें पाणी फेकून दिलें, तर तीन-चतुर्थांशापर्यंत भाग निघून जातो. तुकडे मोठे ठेवले तर हेंच प्रमाण चतुर्थांशावर येतें.

ब्राझिलच्या किंवा कोलंबियाच्या गृहिणी कसावा आधीं उकडून मग तळतात, त्याचें मर्म हें आहे. उकडण्यानें फोड मऊ होते एवढाच त्याचा अर्थ नव्हे. उकडणें हीच विष काढण्याची पायरी आहे, आणि तळणें ही केवळ रुचीची.

ही कृति क्रमानें पाहिली म्हणजे ध्यानांत राहील. प्रथम कंदाची निवड. कंद टणक, जड आणि आंतून एकसारखा पांढरा किंवा फिकट पिवळा असावा. एक टोंक मोडून पाहावें. आंत निळ्या-काळ्या रेघा दिसल्या तर तो शिळा समजून बाजूस ठेवावा. हा कंद जमिनींत महिनोन् महिने टिकतो खरा, परंतु खणून काढल्यावर दोन-तीन दिवसांतच त्याला या रेघा पडूं लागतात. दूरच्या बाजारीं पाठवावयाचा असेल तेव्हां त्यावर मेणाचा थर चढवितात, तो याचसाठीं. जातीची खात्री विकणाऱ्याकडून करून घ्यावी. आणि शिजल्यावर एखादी फोड जिभेला कडू लागली, तर तो सगळा घाणा निःशंकपणें टाकून द्यावा. कडूपणा हा विषाचा पक्का मापदंड नव्हे; परंतु जीभ जेव्हां इशारा देते तेव्हां तो न ऐकण्याचें कारण नाहीं.

नंतर सोलणें. कसाव्याला दोन साली असतात. वरची पातळ, तपकिरी, झाडाच्या सालीसारखी. आणि तिच्याखालीं जाडसर, पांढरी किंवा गुलाबी छटेची. बटाट्याच्या संवयीनें केवळ वरची साल काढून थांबूं नये, कारण आंतल्या सालींत विषाचें प्रमाण गराहून जास्त असतें. कंदाचे बोटभर लांबीचे तुकडे करून प्रत्येकास सुरीनें उभी चीर द्यावी आणि सालीखालीं सुरी घालून ती उचलावी; दोन्ही साली एकदम सुटून येतात. तुकडे उभे चिरून त्यांचे चार भाग करावे, आणि स्वच्छ पाण्यांत धुवावे. वर सांगितलेल्या प्रयोगाप्रमाणें तुकडे जितके लहान तितकें चांगलें. तथापि तळणासाठीं त्यांना कांहीं आकार हवा, म्हणून अंगठ्याएवढी जाडी ही मर्यादा धरावी.

मोठ्या पातेल्यांत फोडी बुडून वर चार-पांच बोटें राहील इतकें पाणी घ्यावें, मीठ घालावें, आणि झांकण न ठेवतां उकळावें. निघणाऱ्या वाफेबरोबर मोकळें विषहि उडून जातें. कंदाच्या वयाप्रमाणें वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत वेळ लागतो. फोडीच्या कडा फुलासारख्या उमलूं लागल्या आणि सुरीचें टोंक सहज आंत गेलें, कीं शिजला असें समजावें. हें पाणी सांडून द्यावें. आमटी-रश्श्यासाठीं तें ठेवण्याचा काटकसरीपणा येथें मुळींच करूं नये. नंतर प्रत्येक फोडीच्या मधोमध असलेली दोऱ्यासारखी चिवट शीर ओढून काढावी. फोडी चाळणींत निथळूं द्याव्या, फडक्यावर पसराव्या आणि पूर्ण निवूं द्याव्या.

निवविण्याची ही पायरी उतावीळ स्वयंपाकी गाळतात. परंतु तिच्यांतहि शास्त्र आहे. उकडतांना पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात. निवतांना ते पुन्हा एकमेकांशीं घट्ट बिलगतात. त्यामुळें फोड तेलांत फुटत नाहीं. बाहेरचा ओलावाहि वाळल्यानें तेल उडण्याची भीति कमी होते. याच निवण्यांत पिष्टाचा कांहीं भाग असा बनतो, कीं तो लहान आंतड्यांत न पचतां पुढें जातो व तंतूंसारखें कार्य करितो. निवलेल्या फोडी थंड जागीं झांकून ठेवून दुसऱ्या दिवशीं तळल्या तरी चालतात.

तळण्यास तेल १७५ ते १८० अंश सेंटिग्रेड तापलेलें असावें. घरीं तापमापक नसल्यास लहानसा तुकडा टाकून पाहावा. तो लगेच बुडबुडे काढीत वर आला तर तेल योग्य तापलें. घाणा लहान घालावा. एकाच वेळीं पुष्कळ फोडी सोडल्या तर तेल निवतें, फोडी तेल पितात आणि मऊ पडतात. तळतांना फोडींतून बुडबुडे निघतात ते पाण्याच्या वाफेचे असतात. ही वाफ जोरानें बाहेर पडत असते तोंवर तेलाला आंत शिरण्यास वाव मिळत नाहीं. फोड कढईबाहेर निघून निवूं लागली, कीं आंतील वाफ आकसते आणि पृष्ठभागावर चिकटलेलें तेल आंत ओढलें जातें. म्हणून झाऱ्यानें काढतांच फोडी हलवून, जाळीवर किंवा कागदावर ठेवून त्यांचें तेल लगेच निथळून घ्यावें. रंग सोनेरी झाला कीं थांबावें. तपकिरी होऊं देऊं नये. पिष्टमय पदार्थ कडक तापांत करपूं लागले म्हणजे त्यांत अ‍ॅक्रिलामाइड नांवाचें अपायकारक द्रव्य उत्पन्न होतें, असें स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं दाखवून दिलें आहे. वरून मीठ भुरभुरविलें कीं पदार्थ तयार होतो.

आतां या पदार्थापासून शरीराला मिळतें काय, तें पाहूं जातां आंकडे असे आहेत. १०० ग्रॅम कच्च्या कसाव्यांत सुमारें ६० ग्रॅम पाणी, ३८ ग्रॅम पिष्टमय व तत्सम पदार्थ, जेमतेम १.४ ग्रॅम प्रथिनें आणि नाममात्र स्निग्धांश असतो. त्यापासून १६० उष्मांक मिळतात; बटाट्याच्या तेवढ्याच वजनापासून ७७ मिळतात. म्हणजे उष्णता पुरविण्यांत कसावा बटाट्याच्या दुप्पट आहे. क जीवनसत्त्व सुमारें २० मिलिग्रॅम असतें, पण तें पाण्यांत विरघळणारें व उष्णतेनें नासणारें असल्यामुळें उकडून तळल्यावर त्याचा बराच भाग नष्ट होतो. पोटॅशियम बऱ्यापैकीं, लोह अगदीं थोडें. पांढऱ्या गराच्या कसाव्यांत अ जीवनसत्त्वाचा जवळ जवळ अभावच असतो. ही उणीव भरून काढण्यासाठीं पिवळ्या गराच्या सुधारलेल्या जाति तयार करण्यांत आल्या असून, नायजेरियांत त्यांची लागवड २०११ पासून सुरू झाली.

तळल्यानें या हिशेबांत दोन फरक पडतात. पाणी उडाल्यानें फोड हलकी होते, आणि तेल शिरल्यानें उष्मांक वाढतात. एका ग्रॅम तेलापासून ९ उष्मांक मिळतात. समजा, एका माणसाच्या वांट्याच्या फोडींनीं १५ ग्रॅम तेल घेतलें, तर केवळ त्या तेलाचे १३५ उष्मांक झाले. दिवसभर शेतांत राबणाऱ्यास ही भर उपकारक आहे. बसून काम करणाऱ्यानें मात्र हा पदार्थ कधींमधीं चवीपुरताच घ्यावा. तांदळाशीं तुलना केली तर कसाव्याचें खरें उणें कळतें. १०० ग्रॅम तांदळापासून सुमारें ३६० उष्मांक व ७ ग्रॅम प्रथिनें मिळतात. तितकेच उष्मांक कसाव्यापासून घ्यावयाचे तर सव्वादोनशें ग्रॅम कंद लागेल, आणि त्यांत प्रथिनें तीन ग्रॅमच असतील. पोट भरेल, पण अंग भरणार नाहीं.

म्हणूनच ज्या ज्या देशांत हा कंद पिढ्यान् पिढ्या खाल्ला जातो, तेथें त्याला जोडीदार ठरलेला असतो. मध्य अमेरिकेंतील एल साल्व्हादोरमध्यें तळलेल्या कसाव्याबरोबर तळलेलें मांस व कोबीची आंबट कोशिंबीर येते. पेरूंत चीज व मिरचीची चटणी. क्यूबांत लसूण व आंबट संत्र्याच्या रसाची फोडणी. केरळांतील शेतमजूर उकडलेल्या कप्पेबरोबर मासळीचें तिखट कालवण खातो. या जोड्या केवळ जिभेनें जुळविलेल्या दिसतात. परंतु त्यांत प्रथिनांची उणीव भरून निघते, आणि प्रथिनांचें कार्य येथें नेहमींपेक्षां अधिक मोठें आहे. शरीरांत गेलेलें थोडें सायनाइड निरुपद्रवी करण्यास गंधक लागतें, आणि तें गंधक प्रथिनांतील कांहीं विशिष्ट अमिनो आम्लांकडून मिळतें. ज्याच्या ताटांत मासळी, डाळ किंवा दूध आहे, त्याचें शरीर उरलेसुरलें विष निपटून टाकूं शकतें. ज्याच्या ताटांत नुसता कसावाच आहे, त्याची ढाल दुबळी असते.

ही ढाल मोडली म्हणजे काय होतें, तें आफ्रिकेनें पाहिलें आहे. १९३८ सालीं त्या वेळच्या बेल्जियन काँगोंत ट्रोली नांवाच्या वैद्यानें एका विचित्र रोगाचें वर्णन केलें. धडधाकट माणसाचे दोन्ही पाय एकाएकीं ताठरतात, आणि ते पुन्हा कधींच मोकळे होत नाहींत. स्थानिक याका भाषेंत त्याला कोंझो, म्हणजे बांधलेले पाय, असें म्हणत. १९८१ सालीं मोझांबिकच्या नांपुला प्रांतांत अवर्षण पडलें, इतर पिकें बुडालीं, आणि कडू कसावा तेवढा तगला. भुकेल्या लोकांना तो नीट वाळविण्यास सवड राहिली नाहीं. त्या एका वर्षांत हजाराहून अधिक लोकांना या रोगानें गांठलें, आणि त्यांत स्त्रिया व मुलें यांचाच भरणा जास्त होता. त्या प्रांतांत वैद्यकीय काम करीत असलेले स्वीडिश डॉक्टर हान्स रोस्लिंग यांनीं या रोगाच्या संशोधनांत पुढें अनेक वर्षें घालविलीं. अर्धवट काढलेलें विष आणि प्रथिनांचा दुष्काळ यांची गांठ पडली कीं हा रोग होतो, असें त्यांतून निष्पन्न झालें. ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॅडबरी यांनीं यावर सुचविलेला उपाय बिनखर्चाचा आहे: कसाव्याचें पीठ पाण्यांत कालवून पातळ थरानें दोन तास उन्हांत किंवा पांच तास सावलींत पसरून ठेवावें; एन्झाइमला आपलें काम पुरें करण्यास वेळ मिळतो आणि विष उडून जातें.

तथापि विषारी म्हणून या कंदाला प्रत्येक अपघाताचें कारण ठरविणेंहि बरोबर नाहीं. फिलिपाईन्समधील बोहोल बेटावर माबिनी येथें ९ मार्च २००५ रोजीं शाळेच्या मधल्या सुटींत तळलेल्या कसाव्याचा गोड पदार्थ खाऊन २७ मुलें दगावलीं. साऱ्या जगानें प्रथम कसाव्यालाच दोष दिला. पुढें झालेल्या रासायनिक तपासणींत त्या पदार्थांत कार्बामेट जातीचें कीटकनाशक आढळून आलें. शेतांतील औषध आणि स्वयंपाकाचें पीठ एका फळीवर कधींहि असूं नये, हा त्या दुर्दैवी घटनेचा धडा आहे. आणि तो केवळ कसाव्यापुरता नाहीं.

आपल्या देशांत या पिकाचा प्रसार करण्याचें श्रेय १८८० ते १८८५ या काळांत त्रावणकोरच्या गादीवर असलेले महाराज विशाखम् तिरुनाळ यांस दिलें जातें. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला, तेव्हां त्रावणकोरच्या गोरगरिबांना याच कंदानें तारलें. त्याच महायुद्धांत मलायाकडून येणारा साबुदाणाहि थांबला, आणि १९४३ च्या सुमारास तमिळनाडूंतील सेलम येथें कसाव्यापासून साबुदाणा करण्याच्या धंद्याचा उदय झाला. मूळचा साबुदाणा हा तिकडील सागू नांवाच्या ताडाच्या गाभ्यापासून होत असे. नांव तेंच राहिलें, वस्तु बदलली. कंद किसून, पुष्कळ पाण्यांत धुवून, सत्त्व तळाशीं बसवून, मग शेकून व वाळवून साबुदाणा होत असल्यामुळें त्यांत विषाची भीति उरत नाहीं. परंतु प्रथिनेंहि त्याच पाण्याबरोबर निघून जातात, आणि शिल्लक राहतें तें जवळ जवळ निव्वळ पिष्ट.

महाराष्ट्रांतील गृहिणीनें मात्र या निव्वळ पिष्टाला शेंगदाण्याच्या कुटाची जोड देऊन प्रथिनांचा प्रश्न आपल्या परीनें केव्हांच सोडविला आहे. भुईमूग हाहि कसाव्याप्रमाणें दक्षिण अमेरिकेचाच. ज्या भूमींत हे दोन्ही जन्मले, तिच्यापासून हजारों कोस दूर एका पितळेच्या कढईंत त्यांची गांठ पडते. कसाव्याचा कंद बाजारांत हातीं आला आणि तो तळून पाहण्याची इच्छा झाली, तर अ‍ॅमेझॉनकाठच्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवानें बांधून दिलेला क्रम सोडूं नये: गोडच निवडावा, दोन्ही साली काढाव्या, भरपूर पाण्यांत उकळावा, तें पाणी फेकावें, निववावा, आणि मगच तळावा. बरोबर दह्याची वाटी किंवा दाण्याची चटणी ठेवावी. मग तो कंद पथ्याला उतरतो आणि जिभेलाहि आवडतो.